राष्ट्रीय दुर्घटनेच्या स्मरणवस्तू विकून नफा कमावणं अनैतिक आहे का?

तुमचा प्रश्न असा आहे की, देशावर कोसळलेल्या आपत्तीची आठवण म्हणून टी-शर्ट, नाणी, कॉफीचे मग विकणाऱ्यालाच नावं का ठेवायची? त्याच घटनेवर वर्तमानपत्रं खपतात, पुस्तकं निघतात, तेही पैसेच कमावतात.

नुसत्या नफ्याला माझी हरकत नाही. शवपेट्या बनवणारा सुतारही मजुरी घेतो आणि त्यात गैर काही नाही. मी एवढंच बघतो, की ज्यांचं माणूस त्या दिवशी गेलं त्यांना त्या वस्तूला ‘नको’ म्हणता येतं का, आणि म्हटलं तर कोणी ऐकतं का.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांचं न्यूयॉर्कमधलं संग्रहालय मे २०१४ मध्ये उघडलं तेव्हा नेमकं यावरूनच वादळ उठलं. ज्या वास्तूत ओळख न पटलेल्या मृतांचे अवशेष जपून ठेवलेत, तिथेच भेटवस्तूंचं दुकान. त्यात अमेरिकेच्या नकाशाच्या आकाराची, चीज मांडायची थाळी होती आणि जिथे जिथे विमानं कोसळली तिथे तिथे बदामाचं चिन्ह. ज्या आईला मुलाचा एक तुकडाही मिळालेला नाही, तिने ही थाळी बघून काय समजायचं? संग्रहालयाची बाजू खोटी नव्हती. एवढी वास्तू चालवायला पैसा लागतो आणि विक्रीचा पैसा त्यातच जात होता. तरीही लोकांचा संताप रास्तच होता, कारण पैसा चांगल्या कामाला जातो म्हणून कुठलीही वस्तू चालते असं होत नाही. पुढे ती थाळी काढून टाकली आणि मृतांचे जे नातेवाईक संग्रहालयाच्या संचालक मंडळावर होते, त्यांच्या नजरेखालून विक्रीच्या वस्तू जातील असं ठरलं. मला विचाराल तर हे पहिल्या दिवसापासून असायला हवं होतं.

त्याच हल्ल्याच्या नावावर निव्वळ फसवणूकही झाली. ढिगाऱ्याखालच्या तिजोरीतून मिळालेल्या चांदीचं म्हणून एका खाजगी कंपनीने स्मारक-नाणं जाहिरात करून विकलं. जाहिरातीचा थाट असा, की ते सरकारमान्य चलन वाटावं. २००४ मध्ये न्यूयॉर्क राज्याचे महाधिवक्ता एलियट स्पिट्झर कोर्टात गेले आणि विक्री थांबवली गेली. इथे नैतिकतेची चर्चा करायचीही गरज नाही, सरळ लबाडी आहे. पण असा माल खपतो तो घेणाऱ्याच्या मनातल्या हळहळीमुळे, आणि म्हणून मला ही लबाडी साध्या भेसळीपेक्षा जास्त चीड आणते.

याउलट ब्रिटनमधलं, युद्धात गेलेल्यांच्या स्मरणाचं पॉपीचं फूल बघा. तिथे १९२१ पासून माजी सैनिकांची संघटना ही लाल फुलं देऊन देणग्या गोळा करते आणि तो पैसा सैनिक व त्यांच्या कुटुंबांकडे जातो. २०१४ मध्ये टॉवर ऑफ लंडनच्या खंदकात पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश व वसाहतींतल्या प्रत्येक मृत सैनिकामागे एक, अशी ८,८८,२४६ मातीची फुलं लावली आणि ती २५ पौंडांना एक अशी विकली. व्यवहार हाही होताच. पण एक फूल म्हणजे एक माणूस हा हिशोब घेणाऱ्याला ठाऊक होता, आणि पैशातून सहा सेवाभावी संस्थांना वाटा मिळणार हे आधीच सांगितलं होतं.

आता तुमचा वर्तमानपत्र-पुस्तकांचा मुद्दा. चांगलं पुस्तक घटनेबद्दल काहीतरी सांगतं, त्यावर वाद घालता येतो, चूक काढता येते. कॉफीचा मग किंवा उशी काहीच सांगत नाही. लोकांच्या मनात आधीच असलेलं दुःख फक्त छापून विकते. २०१९ मध्ये ॲमेझॉनवर ऑशवित्झच्या नाझी छळछावणीची चित्रं असलेले ख्रिसमसच्या झाडाचे दागिने विकायला आले होते. ऑशवित्झ स्मारकाने जाहीर आक्षेप घेतल्यावर ते हटवले गेले. कोणीतरी मुद्दाम क्रूरपणा केला असेल असं मला वाटत नाही. मिळेल ते चित्र मिळेल त्या वस्तूवर छापायचं आणि कोणाचं काय जळतंय ते बघायचंच नाही, या सवयीतून हे होतं. आणि नुसते भीषण फोटो भरून घाईघाईने काढलेलं पुस्तकही मी याच रांगेत बसवीन.

सगळ्यात वाईट मला मालकी सांगणारे वाटतात. जानेवारी २०१५ मध्ये पॅरिसमध्ये शार्ली एब्दो साप्ताहिकावर हल्ला झाला आणि ‘मी शार्ली आहे’ ही लोकांची घोषणा झाली. काही दिवसांतच तिचा ट्रेडमार्क मागणारे अर्ज फ्रान्सच्या नोंदणी कार्यालयात येऊन पडले. इतक्या लोकांच्या तोंडी असलेलं वाक्य कोणा एकाचं होऊ शकत नाही, असं सांगून कार्यालयाने ते नाकारले.

तुम्ही स्वतः असं काही विकायच्या विचारात असाल, तर आधी नातेवाइकांच्या संघटनेला नमुना दाखवा, आणि ती नको म्हणाली तर छापू नका. ‘उत्पन्नाचा काही भाग पीडितांना’ असलं मोघम लिहू नका; एका वस्तूमागे किती रक्कम, कोणाला आणि कधी देणार ते वस्तूवरच छापा. तो आकडा उघड लिहायची लाज वाटत असेल, तर ती वस्तू विकू नका.