नंबर आठवत नाही, म्हणजे स्मृतिभ्रंश का?

“मॅडम, मला विसरण्याचा आजार तर लागला नाही ना?” सांगलीच्या गावभागातील एका अठ्ठेचाळीस वर्षांच्या गृहिणीने विचारलेला हा प्रश्न चाळिशी ओलांडलेल्या अनेकांकडून मी ऐकते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

त्यांच्या भीतीचे मूळ ऑगस्ट २०१९ च्या महापुरात होते. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, घरात पाणी शिरले, वीज गेली आणि निवारा केंद्रात पोहोचेपर्यंत त्यांचा फोनही बंद पडला. शेजारच्या बाईंनी आपला फोन पुढे केला, तेव्हा त्यांना पुण्यातल्या मुलाचा, मिरजेतल्या भावाचा, कोणाचाच नंबर आठवेना; ओठांवर आला तो फक्त माहेरच्या, केव्हाच बंद झालेल्या लँडलाइनचा. तेव्हापासून दुकानात एखादा जिन्नस विसरला तरी त्यांच्या छातीत धस्स होई.

माहेरचा नंबर त्यांनी वर्षानुवर्षे स्वतःच्या बोटाने फिरवला होता, तर मुलाचा नंबर एकदा फोनमध्ये साठवल्यावर पुन्हा कधी उच्चारलाही नव्हता. जे वारंवार आठवावे लागते तेच पक्के बसते. त्यामुळे तो नंबर त्या विसरल्या नव्हत्या, तो त्यांच्या मनात कधी रुजलाच नव्हता. स्मृतिभ्रंशात ओळखीचा रस्ता चुकतो, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो, रोजचा स्वयंपाक किंवा सुट्ट्या पैशांचा हिशेब जमेनासा होतो. यातले काहीही त्यांच्या बाबतीत घडत नव्हते. तरीही थायरॉइडचा विकार, बी-१२ ची कमतरता, अपुरी झोप आणि नैराश्य यांमुळेही विस्मरण होत असल्याने मी त्यांना आधी डॉक्टरांकडे पाठवले. अशा वेळी केवळ धीर देऊन परत पाठवणे मला बेजबाबदारपणाचे वाटते. तपासण्यांत काही निघाले नाही.

फोन बाजूला ठेवा, असे मी सांगितले नाही. बँकेचा ओटीपी, गॅसची नोंदणी आणि मुलाचा चेहरा हे सारे ज्या यंत्रातून येते, ते टाकून द्या म्हणणे योग्यही नाही. मी एवढेच सुचवले की जवळच्या पाच माणसांना फोन करताना यादीतले नाव न दाबता दहाही अंक आठवून दाबावेत आणि अडल्यासच पाहावे.

त्यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर पुराच्या पाण्याची रेषा अजून दिसते. तिच्या वीतभर वर त्यांनी ते पाच नंबर लिहिलेला पुठ्ठा लावला आहे. मागच्या भेटीत पर्स मिटलेली ठेवून त्यांनी मुलाचा नंबर म्हणून दाखवला. शेवटचे दोन अंक उलटे झाले, तेव्हा क्षणभर थांबून त्यांनी ते स्वतःच सुधारले.