लंगडी मेंढी

प्रश्न : मुलगा दहावीत आहे. गणिताच्या पुस्तकाखाली कादंबरी ठेवून वाचतो. मिस्टर म्हणतात, खोट्या माणसांच्या गोष्टी वाचून कोण शहाणं झालंय? तुमचा अनुभव काय?
– एक आई, बार्शी

उत्तर : ताई, दहावीच्या मार्कांवर मी बोलू नये, माझेच सांगण्यासारखे नव्हते. कादंबरीचं सांगतो.

१९८६ साली बँकेने मला शेतीकर्जं बघायला माण तालुक्यात धाडलं. मी गिरगावच्या चाळीतला. निघताना मामांनी व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ हातात ठेवली. १९५५ची कादंबरी, काळ औंध संस्थानाचा. एक पोरसवदा मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो, लोकांकडून तालीम बांधून घेतो, आणि शेवटी दुष्काळात वाडीच उठून जाते. एस.टी.त वाचून संपवली.

शाखेत धनगर यायचे ते चपला दाराबाहेर काढून भिंतीला टेकून उभे राहायचे. ‘कागद पुरे करून या,’ एवढंच त्यांच्या वाट्याला यायचं. मीही तेच म्हणालो असतो. पण तो मास्तर डोक्यातून जाईना. वाडीवर उपरा तो होता, इथे मी. मग टेबल सोडून बाहेरच्या बाकावर बसायला लागलो. आधी पावसापाण्याचं, मग कागदाचं. ‘मेंढरं कुठवर नेली होती?’ असं विचारता विचारता कळलं, की दिवाळीनंतर ही माणसं चाऱ्यामागे घाटाखाली जातात, ती पावसाळ्याच्या तोंडावर परततात. आमचा हप्ता मार्चचा! म्हणजे आम्ही वर्षानुवर्षं कुलपांना नोटिसा चिकटवत होतो. तारीख बदलून घ्यायला मला दीड वर्ष लागलं.

फसलोही. कादंबरीतल्या म्हाताऱ्या कारभाऱ्यावर जीव जडलेला, त्यामुळे पांढऱ्या मिशांचा प्रत्येक म्हातारा मला देवमाणूस वाटे. अशाच एकाने तपासणीला २० मेंढ्या आणि १ नर दाखवला. आठवड्याने दुसऱ्या वस्तीवर, दुसऱ्याच्या नावावर तोच कळप. त्यातली काळ्या कानाची लंगडी मेंढी माझ्याकडे ओळखीचं बघत होती. साहेबांनी फैलावर घेतलं. रात्री चिडून पुस्तक पुन्हा उघडलं, तर त्यात हात मारणारा आनंदा रामोशीही होताच. मीच त्याला सोयीने विसरलो होतो.

मुलाला रागावण्याआधी ‘काय वाचतोस?’ एवढं विचारा. आणि ‘बनगरवाडी’ छोटी आहे, रविवारात होते. मिस्टरांच्या उशाशी ठेवा. बोलू मात्र काही नका.