फुकटचे अर्पण नको

चर्चच्या मंडळीत नव्याने आलेल्या तुम्हाला सांगावेसे वाटते, की उपासना रविवारच्या गीतांपुरती समजू नका. बायबलमधील २ शमुवेल या पुस्तकाच्या २४ व्या अध्यायात यबूसी लोकांपैकी अरवना हा दावीद राजाला खळे, बैल आणि जळणासाठी लाकूडही फुकट देऊ करतो. तरीही ज्यासाठी स्वतःला काहीच मोजावे लागले नाही असे होमार्पण (वेदीवर जाळून केलेले अर्पण) करायचे नाही, असे ठरवून दावीद ५० शेकेल (वजनाचे जुने माप) रुपे देतो. त्याग पैशाचाच असतो असे मात्र नाही (दानाच्या पाकिटावर नाव ठळक लिहिण्याची हौस मलाही होती). उरलासुरला वेळ देण्याऐवजी पहाटेची पहिली पंधरा मिनिटे प्रार्थनेला द्या, आणि ज्या भावाशी अबोला आहे त्याच्याशी, मत्तयाच्या शुभवर्तमानाचा ५ वा अध्याय सांगतो त्याप्रमाणे, अर्पणाआधी समेट करा. मला तेच सर्वांत महाग पडले.