दान केलेले मूत्रपिंड बर्फात राहून वाया गेले, तर दाद कुठे मागावी?

प्रश्न : अपघातानंतर माझ्या मोठ्या भावाला मेंदूमृत जाहीर करण्यात आले. वहिनीने संमती दिली आणि यकृत व दोन्ही मूत्रपिंडे काढण्यात आली. पुढे समजले की दुसऱ्या रुग्णालयात पाठवलेले एक मूत्रपिंड बसवलेच गेले नाही. “बर्फात फार वेळ गेला” एवढेच उत्तर मिळाले. शिवाय मृत्यू जाहीर झाल्यानंतरचा अतिदक्षता विभागाचा आणि अवयव नेण्याच्या शीतपेटीचा खर्च आमच्याच बिलात लावला, तो आम्ही भरला. नुकसानभरपाईची नोटीस पाठवावी का?

उत्तर : आपल्या वहिनींनी अत्यंत कठीण घडीला संमती दिली. त्या दानाचे पुढे काय झाले, हे विचारण्याचा आपल्या कुटुंबाला पूर्ण अधिकार आहे. तरीही भरपाईची नोटीस आज पाठवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या पत्रात दोन वेगवेगळ्या तक्रारी आहेत. त्यांपैकी बिलाची तक्रार आजच भक्कम आहे, तर मूत्रपिंडाची तक्रार कागदपत्रे हाती आल्याशिवाय उभी राहणार नाही.

आधी बिलाविषयी. मानवी अवयव व ऊती प्रत्यारोपण नियम, 2014 यांत असे स्पष्ट म्हटले आहे की मेंदूस्तंभ मृत (म्हणजेच मेंदूमृत) जाहीर झालेल्या व्यक्तीचा देह सांभाळणे, अवयव काढणे, त्यांची वाहतूक करणे आणि ते जतन करणे यांचा खर्च दात्याच्या कुटुंबावर पडणार नाही. तो प्राप्तकर्ता, संस्था, शासन किंवा स्वयंसेवी संस्था यांपैकी कोणी सोसायचा, हे राज्य शासन ठरवते. त्यामुळे प्रश्न उरतो तो रेषा कुठे ओढायची एवढाच. मेंदूस्तंभ मृत्यूच्या चाचण्या किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा केल्या जातात आणि वैद्यकीय मंडळाचे चार डॉक्टर नमुना 10 वर तसे प्रमाणित करतात. दुसऱ्या चाचणीनंतर त्या नमुन्यावर नोंदलेली वेळ हीच ती रेषा, असे मी धरतो. त्या आधीचे उपचार आपल्या भावावरचे होते, त्यांचे बिल देय आहे. त्यानंतरचे व्हेंटिलेटर, औषधे, तपासण्या आणि शीतपेटी यांची रक्कम मात्र लेखी अर्जाने परत मागावी. रुग्णालयाने नकार दिल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते.

मूत्रपिंडाचा मुद्दा अधिक नाजूक आहे. मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा, 1994 च्या कलम 7 नुसार काढलेला अवयव जतन करण्यासाठी विहित उपाय योजणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे, आणि नियमांनुसार हे जतन प्रचलित व मान्य शास्त्रीय पद्धतीनेच व्हावे लागते. ही पद्धत म्हणजे नुसते बर्फात ठेवणे नव्हे. अवयवातील रक्त थंड संरक्षक द्रावणाने धुऊन काढतात, अवयव त्याच द्रावणात निर्जंतुक पिशव्यांच्या थरांत बंद करतात आणि बर्फ बाहेरून रचतात, कारण बर्फ थेट लागून अवयव गोठला तर पेशी फाटतात. तापमान साधारण 4 अंश सेल्सिअसच्या आसपास राखले जाते. थंडीने पेशींची झीज मंदावते, थांबत नाही. म्हणूनच हृदय चार ते सहा तासांत बसवावे लागते, यकृताला साधारण बारा तास मिळतात आणि मूत्रपिंड चोवीस तासांच्या आत बसवणे इष्ट असले तरी छत्तीस तासांपर्यंतही ते वापरले जाते. “फार वेळ गेला” हे उत्तर म्हणूनच मला अपुरे वाटते. किती वेळ गेला आणि कशामुळे, हे सांगितलेच पाहिजे.

ही मोजणी महाधमनीला चिमटा लावून थंड द्रावण सोडल्याच्या क्षणापासून सुरू होते आणि तो क्षण शस्त्रक्रियेच्या नोंदीत मिनिटासह लिहिलेला असतो. तिथून पुढे पेटी केव्हा निघाली, केव्हा पोहोचली, कोणी ताब्यात घेतली आणि नाकारण्याचा निर्णय कोणी, कोणत्या कारणाने घेतला, या नोंदींवर आपले प्रकरण ठरेल. दात्याच्या पेशी रुग्णाच्या रक्ताशी जुळल्या नाहीत, म्हणून यादीतील पुढच्या रुग्णाला बोलावण्यात वेळ गेला असेल किंवा मूत्रपिंडातच दोष आढळला असेल, तर तो निष्काळजीपणा नाही. केवळ परिणाम वाईट झाला म्हणून डॉक्टर दोषी ठरत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय निष्काळजीपणाच्या जेकब मॅथ्यू प्रकरणात 2005 साली स्पष्ट केले आहे. पेटी विनाकारण पडून राहिली असेल, तर गोष्ट वेगळी.

अवयव काढणाऱ्या रुग्णालयाकडील कागदपत्रे आपल्या भावाची असल्याने वहिनींच्या सहीने लेखी अर्ज करून ती मागावीत; वैद्यकीय आचारसंहितेच्या 2002 च्या विनियमांनुसार ती 72 तासांत मिळाली पाहिजेत. अर्जात केसपेपर, नमुना 8 (नातेवाइकांचे संमतीपत्र), नमुना 10, शस्त्रक्रियेची नोंद आणि अवयव ताब्यात दिल्याची पोच यांचा नावानिशी उल्लेख करावा. दुसऱ्या रुग्णालयाच्या नोंदी मात्र तिथल्या रुग्णाच्या आहेत, त्या आपल्याला थेट मिळणार नाहीत आणि त्या रुग्णाचे नावही विचारू नये. त्यासाठीच प्रत्यारोपण कायद्याखालील समुचित प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे या कायद्यासाठी शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, तक्रार करावी. त्यांना चौकशीचे अधिकार आहेत आणि कलम 16 नुसार ते रुग्णालयाला नोंदणी रद्द का करू नये, अशी नोटीस काढू शकतात. न वापरलेल्या मूत्रपिंडाची विल्हेवाट कशी लावली, हेही याच तक्रारीत विचारावे. जैव-वैद्यकीय कचरा नियम, 2016 नुसार त्याची नोंद असायला हवी.

फौजदारी तक्रार आपण स्वतः करू इच्छित असाल, तर प्रत्यारोपण कायद्याच्या कलम 22 नुसार आधी याच प्राधिकाऱ्याला किमान साठ दिवसांची नोटीस द्यावी लागते. भरपाईच्या मागणीत मूत्रपिंडाची किंमत कधीही लिहू नये. अवयवाचा व्यवहार हा कायद्याने गुन्हा असल्याने त्याला बाजारमूल्य नाही आणि अशा एका वाक्याने आपल्या वहिनींच्या निःस्वार्थ दानावर नको तो संशय ओढवेल. कर्तव्यात कसूर सिद्ध झाली, तर मानसिक त्रासाबद्दल मागणी करता येईल, पण दानासाठी आपण मोबदला दिलेला नसल्याने ग्राहक आयोगासमोर ती टिकवणे सोपे नाही. ग्राहक तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. तेव्हा कागदपत्रांचा अर्ज याच आठवड्यात द्यावा आणि त्याच्या प्रतीवर रुग्णालयाचा शिक्का व तारीख घ्यावी.