पूल बघायला झांबियाचा व्हिसा लागत नाही

मुक्काम झिंबाब्वेत, व्हिसा एकाच प्रवेशाचा, आणि व्हिक्टोरिया फॉल्स धबधब्याजवळचा, झांबियाच्या सीमेवरचा पूल बघायचाय. मग झांबियाचाही व्हिसा काढावा लागेल का, असं तुम्ही विचारलंय. नुसत्या पुलासाठी नाही लागत. झिंबाब्वेच्या इमिग्रेशनच्या खिडकीवर पासपोर्ट दाखवून ‘ब्रिज पास’ मागा. एक चिठ्ठी मिळते, ती परत येईपर्यंत जपून ठेवा. पलीकडच्या चौकीतून झांबियात शिरलात मात्र, तर परतताना झिंबाब्वेचा नवा व्हिसा घ्यावा लागेल.

धबधब्यासाठी म्हणून पुलावर जाऊ नका. तिथून त्याचा एखादा कोपराच दिसतो, आणि एप्रिलच्या आसपास नदी भरून वाहते तेव्हा तुषारांमुळे तोही नाही. धबधब्यासाठी राष्ट्रीय उद्यान आहेच. पुलावर जायचं ते दरीसाठी आणि खुद्द पुलासाठी. सव्वाशे मीटर खाली झांबेझी फेसाळत वळते, आणि मालट्रक गेला की पायाखालचं पोलाद थरथरतं. कठडा घट्ट धरणारे बरेच दिसतील.

पैसे खर्च करायचेच तर बंजीपेक्षा पुलाखालच्या अरुंद लोखंडी वाटेवरून नेणाऱ्या फेरीवर करा, असं माझं मत. (111 मीटरची उडी दुसऱ्याने मारलेली फुकटात बघता येते.) कमरेला पट्टा बांधून गाइड कमानीच्या सांगाड्यातून नेतो, रिव्हेट हाताला लागतात. हे सगळं पोलाद इंग्लंडमध्ये घडवून, जहाजाने मोझांबिकच्या बैरा बंदरात उतरवून रेल्वेने इथवर आणलं. दोन्ही काठांवरून कमान पुढे सरकवत आणली. शेवटचा तुकडा बसवायच्या वेळी, 31 मार्च 1905 ला, उन्हाने पोलाद प्रसरण पावलं होतं आणि तुकडा सव्वा इंचाने जास्त भरला, असं सांगतात. मंडळी रात्रभर थांबली. सकाळच्या गारव्यात तो बिनबोभाट बसला. सप्टेंबरात उद्घाटन झालं ते चार्ल्स डार्विनचे चिरंजीव जॉर्ज यांच्या हस्ते. पुलावरून जाणाऱ्या आगगाडीच्या डब्यांवर धबधब्याचे तुषार उडावेत, हा हट्ट ब्रिटिश साम्राज्यवादी सेसिल ऱ्होड्सचा. तो 1902 मध्येच वारला, धबधबा न बघताच.

पुलाच्या मध्यावर जरा थांबा. ऑगस्ट 1975 मध्ये इथे रेल्वेचा एक डबा सीमारेषेवर उभा केला होता. ऱ्होडेशियाचे (म्हणजे आजच्या झिंबाब्वेचे) गोरे पंतप्रधान इयन स्मिथ आपल्या हद्दीत बसले, आफ्रिकी राष्ट्रवादी नेते झांबियाच्या हद्दीत, मध्ये टेबल. बोलणी फिसकटली, पण जागेची निवड मात्र चोख होती.

वाटेत विक्रेते मागे लागतील. झिंबाब्वेच्या महागाईच्या काळातली 100 ट्रिलियन डॉलरची नोट, तांब्याची कडी, लाकडी हत्ती. नोट घ्यायची असेल तर सांगितलेल्या पहिल्या भावाला हो म्हणू नका. आणि खाण्याची पिशवी हातात लोंबकळत ठेवू नका, बबून माकडं टपलेलीच असतात.