मोसंबीसाठी सौरपंप : अश्वशक्ती मागण्यापूर्वी विहीर मोजावी

अंबड तालुक्यातील एका मोसंबी उत्पादकाने विचारले आहे : "माझी तीन एकर मोसंबी ठिबकवर आहे. साठ फूट खोल विहीर आणि शेजारी एक बोअर आहे. वीजजोडणी नसल्याने डिझेल इंजिनावर भिजवतो. सौरपंपाचा अर्ज भरताना साडेसात एचपीचा पंप मिळावा म्हणून काय करावे, आणि तो बोअरवर बसवता येईल का?" याच विषयावर इतर शेतकऱ्यांचेही तीन प्रश्न आले असून त्यांची उत्तरे शेवटी दिली आहेत.

प्रथम नियम सांगतो. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत अडीच एकरांपर्यंतच्या धारकास ३ एचपी, त्यापुढे पाच एकरांपर्यंत ५ एचपी आणि पाच एकरांहून अधिक क्षेत्रास ७.५ एचपी अशी मर्यादा आहे. सर्वसाधारण प्रवर्गातील शेतकऱ्याने किमतीच्या १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के रक्कम भरावयाची असते; उर्वरित भार केंद्राच्या कुसुम योजनेतून आणि राज्य शासनाकडून उचलला जातो. त्यामुळे आपल्याला तीन एकरांवर साडेसात एचपी मिळणार नाही, ५ एचपीपर्यंत मिळू शकेल. मात्र पात्रतेपेक्षा कमी क्षमतेचा पंप मागण्याची मुभा आहे, आणि आपण दिलेल्या माहितीवरून माझा सल्ला ३ एचपीचा अर्ज करण्याचा आहे. हे ऐकून आपण नाराज व्हाल याची कल्पना आहे, म्हणून हिशेब मांडतो.

सहा बाय सहा मीटर अंतरावर एकरी सुमारे ११० झाडे बसतात, म्हणजे तीन एकरांत ३३० झाडे झाली. पूर्ण वाढलेल्या झाडाला ऐन उन्हाळ्यात रोज साधारण १०० लिटर पाणी धरले, तर बागेची गरज दिवसाला ३३ हजार लिटर होते. विहिरीची खोली १८ मीटर, ठिबकच्या दाबासाठी सुमारे १० मीटर आणि पाइपातील घर्षण मिळून आपले हेड, म्हणजे पंपाला पाणी चढवावी लागणारी एकूण उंची, ३० मीटरच्या आसपास जाते. एवढ्या हेडला ३ एचपीचा सौरपंप, ज्याला सुमारे ३,००० वॅटचे पॅनेल असतात, चांगल्या उन्हाच्या दिवशी पाऊण लाख लिटरपेक्षा जास्त पाणी काढू शकतो. म्हणजे गरजेच्या दुपटीहून अधिक क्षमता त्याच पंपात आहे. अडचण आहे ती विहिरीत तेवढे पाणी असण्याची.

ते तपासण्यासाठी एप्रिलअखेर किंवा मे महिन्यात एके संध्याकाळी विहीर उपसून पातळीची खूण करावी आणि सकाळपर्यंत पाणी किती चढले ते दोरीने मोजावे. विहिरीचा व्यास सहा मीटर असेल तर प्रत्येक मीटरला सुमारे २८ हजार लिटर पाणी साठते, म्हणजे रात्रीतून साधारण सव्वा मीटर पाणी चढले तर दुसऱ्या दिवशीची बागेची गरज भागते. पाणी अर्धा मीटरच चढत असेल, तर ५ एचपीच काय, १० एचपीचा पंप बसवला तरी बाग वाचणार नाही. फरक इतकाच की मोठा पंप सकाळीच विहिरीचा तळ गाठेल आणि उरलेला दिवस कोरडा चालू नये म्हणून बंद राहील. लहान पंप झऱ्यांच्या वेगाशी जुळवून दिवसभर पाणी देत राहतो, आणि ठिबकला तेच मानवते.

बोअरच्या बाबतीत उत्तर आपल्या गावाच्या भूजल वर्गवारीवर अवलंबून आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने अतिशोषित, शोषित किंवा अंशतः शोषित ठरवलेल्या क्षेत्रात विंधन विहिरीवर, म्हणजे बोअरवर, या योजनेतून पंप दिला जात नाही. ही अट अनेकांना जाचक वाटते, परंतु मला ती योग्य वाटते. डिझेल भरताना खिशाला चटका बसतो म्हणून आपण इंजिन वेळेवर बंद करतो. उन्हाला पैसे पडत नाहीत, त्यामुळे पाणी उपसण्यावरचा तो एकमेव लगाम सुटतो. २०१२-१३ च्या दुष्काळात याच जालना जिल्ह्यात टँकरने पाणी घालूनही मोसंबीच्या बागा वाळल्या, त्यातल्या कित्येकांशेजारी नवे-जुने बोअर होते.

पंप बसल्यानंतर ठिबकचे दोन किंवा तीन सेक्शन करावेत. सकाळी नऊपूर्वी आणि दुपारी चारनंतर दाब कमी असतो, तेव्हा सखल भागाचा व्हॉल्व्ह उघडावा आणि अकरा ते दोनच्या भर उन्हात चढावरचा सेक्शन घ्यावा. पॅनेल धुण्यासाठी खारे पाणी वापरू नये, त्याचे पांढरे डाग बसून वीज घटते. आणि तापलेल्या काचेवर गार पाणी न टाकता सकाळी लवकर पुसून घ्यावे. योजनेत पाच वर्षांची दुरुस्ती आणि विमा समाविष्ट असल्याने वादळात नुकसान झाल्यास त्याच दिवशी छायाचित्रांसह लेखी कळवावे. पुरवठादाराच्या माणसाने फाउंडेशन किंवा वाहतुकीसाठी रोख मागितल्यास देऊ नये, तक्रार करावी.

दुसरा प्रश्न बदनापूरकडील आहे : "वीजजोडणी आहे, पण पाणी रात्रीच द्यावे लागते. ती बंद करून सौरपंप घ्यावा का?" घेऊ नये. साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना एप्रिल २०२४ पासून पाच वर्षे वीज मोफत आहे, आणि सौरपंपाची योजना मुळात जोडणी नसलेल्यांसाठी आहे. आपली रात्रपाळी संपण्याचा मार्ग मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून जातो. तिच्यात कृषी फीडरजवळ, म्हणजे शेतीपंपांना वीज देणाऱ्या वाहिनीजवळ, सौर प्रकल्प उभारून त्या फीडरला दिवसा वीज देतात. वैजापूर तालुक्यातील धोंदलगावचा प्रकल्प २०२४ मध्ये सुरू झाला. शेतीपंपांची मागणी रात्रीकडे ढकलली गेली होती, कारण दिवसाची वीज इतर ग्राहकांना लागत होती. सूर्य नेमका दुपारी भरात असल्याने हे गणित आता उलटते आहे. आपले फीडर यादीत आहे का, हे महावितरणच्या उपविभागात विचारावे.

तिसरा प्रश्न अशा सौर प्रकल्पासाठी पडीक जमीन भाड्याने देण्याचा आहे. हेक्टरी वार्षिक सव्वा लाख रुपये आणि दरवर्षी ३ टक्के वाढ, असा दर आहे. उपकेंद्रापासून पाच किलोमीटरच्या आतील खासगी जमिनीस प्राधान्य असते. खडकाळ, मुरमाड जमीन जरूर द्यावी, पण ओलिताची काळी जमीन एवढ्यासाठी अडकवू नये आणि सातबारावरील सर्व सहहिस्सेदारांची संमती आधी घ्यावी.

चौथा प्रश्न : "सौरपंपाने प्रदूषण घटते, मग कार्बन क्रेडिटचे पैसे मिळवून देतो म्हणणाऱ्या एजंटास कागद द्यावेत का?" कार्बन क्रेडिट म्हणजे उत्सर्जनात केलेल्या घटीचे विकता येणारे प्रमाणपत्र. एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. पाच एचपीचे इंजिन तासाला साधारण एक लिटर घेते, म्हणजे वर्षाला ५०० तास चालणारे इंजिन बंद केल्यास फार तर १.३ टन वाचतात. देशाच्या हिशेबात हे लाखो पंप एकत्र मोजले जातात. भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे वचन दिले आहे आणि वीजनिर्मितीच्या स्थापित क्षमतेत बिगर-जीवाश्म स्रोतांचा निम्मा वाटा, जो २०३० पर्यंत गाठायचा होता, तो २०२५ मध्येच गाठला गेला. मात्र एकट्या शेतकऱ्याच्या सव्वा टनासाठी मोजणी आणि पडताळणीचा खर्चच उत्पन्नापेक्षा जास्त होईल. आधार, सातबारा आणि सही देऊ नये. कोणी आगाऊ शुल्क मागत असेल तर पोलीस ठाण्यात कळवावे.