गाडी थंड असतानाच पाहायची

प्रिय बेटा,

तू पाठवलेले लाल फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआयचे फोटो काल रात्री तीनदा पाहिले. गाडी देखणी आहे. १.२ लिटरचं टर्बो इंजिन, १०५ पीएस. एवढ्याशा गाडीत ही ताकद काय मजा देते ते मला ठाऊक आहे, म्हणून घेऊ नको असं मी म्हणणार नाही. पण जवळ पाच लाख आहेत आणि सौदा पावणेपाचला ठरतोय, हे वाचून मी थांबलो. पाच असतील तर चारची गाडी शोध. उरलेला लाखही गाडीचाच आहे. टायर, बॅटरी, ब्रेक पॅड, सगळी ऑइलं, विमा, आरटीओ, हे सगळं पहिल्याच वर्षात दारात उभं राहतं.

माझ्या पहिल्या गाडीच्या वेळी नाव ट्रान्सफर करण्यापुरतेच पैसे उरले होते. रेडिएटरचा पाइप पाझरत होता. किरकोळ काम होतं, पगार झाला की करू म्हटलं. मे महिन्यात वर्धा रोडवर, बुटीबोरीच्या अलीकडे तो फुटला. तापमानाचा काटा लाल रेषेवर गेलेला मला दिसत होता, तरी पुढच्या ढाब्यापर्यंत जाऊ म्हणून मी गाडी ओढत नेली. इंजिनचं हेड वाकलं. सात महिने ती अंगणात ताडपत्रीखाली उभी होती आणि मी रोज तिच्या बाजूने सायकल काढत होतो. तुझ्यावर ती वेळ येऊ नये, म्हणून एवढं लिहितोय.

गाडी पाहायला सकाळी जायचं, आणि ती रात्रभर उभी असलेली हवी. पोहोचल्यावर आधी बोनेटवर तळहात ठेव. गरम लागलं तर मालकाने आधीच सुरू करून ठेवली होती, आणि तसं का केलं हे त्याला विचारायचं. थंड असेल तर ऑइलचं झाकण उघड. आत दह्यासारखा पांढरट थर असेल तर ऑइलमध्ये पाणी मिसळतंय अशी शंका धरायची. मग दुसऱ्याला चावी फिरवायला सांग आणि तू कान इंजिनजवळ ठेव. या इंजिनात टायमिंग चेन असते, म्हणजे व्हॉल्व्हची वेळ साधणारी साखळी. ती सैल पडली असेल तर पहिले काही सेकंद खडखडते, मग गप्प होते. गरम इंजिनात हा आवाज बहुधा येतच नाही. सायलेन्सरमधून निळसर धूर आला तर ऑइल जळतंय.

नागपुरातली गाडी म्हणून आणखी एक तपासायचं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हा गाड्या कशा बुडाल्या ते आपण पाहिलंय. धुऊन-पुसून विकायला आलेली गाडी फोटोत ओळखू येत नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढ. रोज हाताळला जाणारा पट्टा साफ केलेला असतो, पण आतल्या टोकाला मातीची रेघ राहते. सीटखालचे बोल्ट गंजलेत का पाहा, कार्पेट उचलून खालच्या फोमला हात लाव, नाकाने कुबट वास घे.

चालवून पाहताना हायवेवर दामटू नको, त्याने काही कळत नाही. हिच्यात सात गिअरचा डीएसजी आहे, म्हणजे आपोआप गिअर बदलणारा गिअरबॉक्स, आत दोन कोरडे क्लच. सीताबर्डीच्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगत ने. थरथर किंवा झटका जाणवला तर तिथेच सौदा सोड, कारण त्याची दुरुस्ती तुझा तो लाख एका घासात गिळेल. मग सेमिनरी हिल्सच्या चढावर थांबवून पुन्हा उचल, रिव्हर्सही घेऊन पाहा.

कागदांचं थोडक्यात सांगतो. चेसिस नंबर आरसीशी स्वतः जुळव, कर्ज फिटलं असेल तर बोजा उतरल्याची नोंद पाहा, ई-चलान तपास, मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घे. विमा १४ दिवसांत तुझ्या नावावर करायचा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुला मिळत नाही, तेवढा हप्ता जास्त धर.

घेतल्यावर तिला सर्वांत जास्त जपायचं ते आपल्या उन्हापासून. पारा ४५ च्या वर जातो तेव्हा जुनं रबर आधी हार मानतं, म्हणून मार्च संपायच्या आत सगळे होज पाइप दाबून पाहायचे. कूलंट कमी झालं तर नळाचं पाणी ओतायचं नाही, कंपनीचंच भरायचं. कंपनी ऑइलसाठी १५ हजार किलोमीटर सांगते, पण आपल्या धुळीत आणि गर्दीत मी आठ हजारांतच बदलतो. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी, गाडी चालो वा न चालो. समृद्धीवर जायच्या आधी टायरवरचे चार आकडे वाच: २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी कितीही चांगली दिसो, तसल्या जुन्या टायरवर १२० चा वेग धरायचा नाही. आणि परतल्यावर इंजिन लगेच बंद करू नको, शेवटचे दोन किलोमीटर हळू ये, टर्बोला निवू दे.

सुट्या भागांची मात्र फार काळजी नको. पोलो २०२२ मध्ये भारतात बंद झाली, तरी त्याच कंपनीच्या व्हेंटोशी तिचं बरंच काही जुळतं.

रविवारी सकाळी सातला मी तुझ्यासोबत येतो. मालकाला आज रात्रीच फोन करून सांग, आम्ही येईपर्यंत गाडीला चावी लावू नका.

तुझा,
काका